शस्त्रक्रियेनंतरचा दावा : निर्णय घेण्यापूर्वी

शस्त्रक्रियेचा परिणाम वाईट होणे आणि शस्त्रक्रियेत निष्काळजीपणा होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तरीही दावा करावा की नाही हा निर्णय पुष्कळदा हा फरक लक्षात न घेता, बिलावरून झालेल्या वादात किंवा मृत्यूनंतरच्या पहिल्या काही दिवसांच्या संतापात घेतला जातो. त्यातून नुकसान दोन्ही बाजूंनी होते. ज्यांचा दावा मुळात उभा राहण्याजोगा नसतो अशी कुटुंबे वर्षानुवर्षे तारखांना खेटे घालतात आणि शेवटी निकाल विरुद्ध गेल्यावर आपल्या माणसाचे दुःख पुन्हा नव्याने सोसतात. ज्यांचा दावा खरा असतो अशी कुटुंबे मात्र कागदपत्रे वेळेत न मिळवल्यामुळे, शवविच्छेदन न झाल्यामुळे किंवा मुदत टळल्यामुळे तो हातचा घालवतात. हा दुसरा अन्याय अधिक जिव्हारी लागणारा आहे, कारण तो टाळता येतो, आणि तो टाळण्यासाठी कायद्याच्या पांडित्यापेक्षा पहिल्या काही आठवड्यांतली शिस्त अधिक उपयोगी पडते.

कायद्याच्या दृष्टीने निष्काळजीपणा सिद्ध होण्यासाठी तीन गोष्टी एकत्र याव्या लागतात : डॉक्टरवर रुग्णाच्या काळजीचे कर्तव्य होते, त्या कर्तव्यात कसूर झाली, आणि रुग्णाला झालेली हानी त्याच कसुरीमुळे झाली. पहिल्या गोष्टीबद्दल क्वचितच वाद होतो, कारण रुग्णाला तपासून उपचाराला घेतले की कर्तव्य सुरू होते. या कर्तव्याची फोड सर्वोच्च न्यायालयाने १९६८ मध्ये लक्ष्मण जोशी विरुद्ध त्र्यंबक गोडबोले या खटल्यात केली, आणि तो खटला महाराष्ट्रातलाच होता. १९५३ मध्ये रत्नागिरी जिल्ह्यातील पालशेतच्या किनाऱ्यावर एका वीस वर्षांच्या तरुणाच्या मांडीचे हाड मोडले, त्याला पुण्याला आणण्यात आले, आणि पूर्ण भूल न देता हाड जोर लावून खेचून बसवल्यानंतर त्याचा मृत्यू झाला. रुग्ण हाती घ्यावा की नाही हे ठरवताना, कोणता उपचार करावा हे ठरवताना आणि तो उपचार प्रत्यक्ष करताना, अशा तिन्ही टप्प्यांवर डॉक्टरने वाजवी काळजी घेतली पाहिजे, असे न्यायालयाने त्या वेळी सांगितले. आजही कोणत्याही कुटुंबाने स्वतःला विचारायचा पहिला प्रश्न यातूनच निघतो : आपली तक्रार या तिन्हींपैकी नेमक्या कोणत्या टप्प्याबद्दल आहे? ‘डॉक्टरांनी नीट लक्ष दिले नाही’ या वाक्यावर दावा उभा राहत नाही. हृदयाच्या दोन झडपा निकामी असलेल्या रुग्णाला हृदयरोगतज्ज्ञाकडून न तपासता भूल दिली, असे वाक्य लिहिता येत असेल तर विचार पुढे नेता येतो.

वाजवी काळजी म्हणजे किती, हे ठरवण्याची कसोटी १९५७ च्या बोलम या इंग्लंडमधील खटल्यातून आली आणि जेकब मॅथ्यू विरुद्ध पंजाब राज्य या २००५ च्या निकालात आपल्या सर्वोच्च न्यायालयाने ती स्वीकारली. त्या विद्येत साधारण कौशल्य असलेल्या डॉक्टरने अशा परिस्थितीत जसे वागणे अपेक्षित आहे तसे तो वागला का, एवढेच या कसोटीत पाहिले जाते; तो त्या क्षेत्रातला सर्वांत निष्णात शल्यचिकित्सक असण्याची अपेक्षा नसते. एकाच आजारावर दोन मान्य पद्धती असतील आणि डॉक्टरने त्यांपैकी एक निवडली असेल, तर दुसरी निवडली असती तर रुग्ण वाचला असता एवढ्या युक्तिवादावर दावा टिकत नाही. निदान चुकणे हादेखील आपोआप निष्काळजीपणा ठरत नाही. निदान करताना ज्या तपासण्या कोणीही केल्या असत्या त्या केल्याच नाहीत, तर तो ठरू शकतो. चंडीगडच्या पीजीआय या संस्थेत १९९६ मध्ये एका लहान मुलाच्या जन्मतः खाली लोंबणाऱ्या पापणीवर शस्त्रक्रिया झाली आणि त्यानंतर त्याची दृष्टी आणखी बिघडली; त्या प्रकरणात २०२४ मध्ये निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, शस्त्रक्रियेनंतर प्रकृती खालावली एवढ्यावरून डॉक्टर दोषी ठरत नाही, कसूर कोणती हे पुराव्याने दाखवावे लागते. आई-वडिलांच्या दृष्टीने हा निकाल कठोर वाटेल, पण दावा करू पाहणाऱ्या प्रत्येकाने तो आधी पचवला पाहिजे.

याच ठिकाणी गुंतागुंत आणि निष्काळजीपणा यांतला फरक समजून घेणे आवश्यक ठरते. गुंतागुंत म्हणजे योग्य काळजी घेऊनही काही रुग्णांच्या बाबतीत होणारी हानी. दुर्बिणीतून पित्ताशय काढण्याच्या शस्त्रक्रियेत पित्तनलिकेला इजा होण्याचे प्रमाण जगभरच्या अनुभवानुसार दर हजारी साधारण तीन ते पाच इतके आहे, आणि ती इजा निष्णात हातांकडूनही होते. जखमेत जंतुसंसर्ग होणे, पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी होऊन ती फुप्फुसात जाणे, आतड्याची जोडलेली बाजू गळणे, या सर्व गोष्टी शल्यशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत गुंतागुंत म्हणूनच नोंदलेल्या आहेत. मात्र गुंतागुंत झाली म्हणून डॉक्टर सुटला असा निष्कर्षही तितकाच चुकीचा आहे. आतड्याची जोडणी गळणे हा दोष नसेल, पण त्यानंतर रुग्णाला ताप आला, नाडीचा वेग वाढत गेला, पोट फुगले, लघवी कमी झाली, परिचारिकांनी हे सगळे तक्त्यात लिहिले, नातेवाईक वारंवार सांगत राहिले, आणि तरीही दोन दिवस कोणी शल्यचिकित्सक रुग्णाकडे फिरकला नाही किंवा सोनोग्राफी, सीटी स्कॅन झाले नाही, तर तो दोष आहे. शस्त्रक्रियेबाबतच्या तक्रारींत लोकांचे सगळे लक्ष ऑपरेशन थिएटरमध्ये काय झाले याकडे असते, पण तिथे घडलेले सिद्ध करणे सर्वांत अवघड असते. त्यानंतरच्या तासांची नोंद मात्र वॉर्डातल्या कागदांवर तासागणिक झालेली असते, आणि गुंतागुंत ओळखण्यात झालेला उशीर त्या कागदांतूनच दिसतो. म्हणून विचार करताना शस्त्रक्रियेइतकेच, किंबहुना अधिक लक्ष शस्त्रक्रियेनंतरच्या देखरेखीकडे द्यावे. दुसरी बाजूही लक्षात असावी : बॉम्बे हॉस्पिटल विरुद्ध आशा जयस्वाल या २०२१ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की, रुग्ण रुग्णालयात असेपर्यंत डॉक्टरने सतत त्याच्या खाटेशेजारी थांबावे अशी अपेक्षा करता येत नाही. तेव्हा डॉक्टर किती वेळा आला यापेक्षा, बिघाडाची खूण दिसल्यावर किती वेळात काय केले गेले, हा प्रश्न निर्णायक ठरतो.

काही प्रकरणांत मात्र घटना स्वतःच बोलते. पोटात कापडाचा तुकडा किंवा अवजार राहणे, उजव्याऐवजी डाव्या अवयवावर शस्त्रक्रिया होणे, दुसऱ्याच रक्तगटाचे रक्त चढवले जाणे, अशा गोष्टी काळजी घेतली असता घडत नाहीत, त्यामुळे अशा वेळी काय चुकले हे सांगण्याची जबाबदारी व्यवहारतः डॉक्टर आणि रुग्णालयावर येते. औरंगाबादच्या सरकारी रुग्णालयात १९६३ मध्ये कुटुंबनियोजनाच्या शस्त्रक्रियेत एका महिलेच्या पोटात कापड राहिले आणि काही दिवसांत तिचा मृत्यू झाला. अच्युतराव खोडवा विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्यात १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हेच तत्त्व लावून राज्य शासनाला जबाबदार धरले. शस्त्रक्रिया संपण्यापूर्वी गॉज, मॉप आणि अवजारे मोजून नोंदवण्याची पद्धत याचसाठी आहे, आणि जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्ये प्रसृत केलेल्या सुरक्षा तपासणी यादीत भूल देण्याआधी, छेद घेण्याआधी आणि रुग्ण थिएटरबाहेर नेण्याआधी अशा तीन थांब्यांवर खात्री करून घेण्याची सोय आहे. ही मोजणी आणि ही यादी केसपेपरमध्ये आहे का, हे पाहणे म्हणूनच महत्त्वाचे असते.

संमतीचा प्रश्न वेगळा आहे आणि तो अनेकदा दुर्लक्षित राहतो. स्ट्रेचरवर झोपलेल्या रुग्णाकडून किंवा घाबरलेल्या नातेवाइकाकडून कोऱ्या छापील कागदावर घेतलेली सही ही कायद्याला अभिप्रेत असलेली संमती नव्हे. कोणती शस्त्रक्रिया, कशासाठी, कोणते धोके, दुसरा पर्याय कोणता आणि न केल्यास काय होईल, हे रुग्णाला समजेल अशा भाषेत सांगितल्यावर त्याने स्वतः दिलेली परवानगी म्हणजे संमती. समीरा कोहली विरुद्ध डॉ. प्रभा मनचंदा या २००८ च्या प्रकरणात दुर्बिणीने केवळ तपासणी करण्यासाठी संमती दिलेल्या महिलेचे गर्भाशय आणि बीजकोश, ती भुलीखाली असताना तिच्या आईची परवानगी घेऊन काढण्यात आले. प्राण वाचवण्यासाठी ते त्याच क्षणी आवश्यक नव्हते, त्यामुळे सज्ञान रुग्णाच्या जागी आईची संमती चालणार नाही, असे न्यायालयाने ठरवले. विवाहित स्त्रीच्या शस्त्रक्रियेसाठी पतीची सही पुरेशी मानण्याची सवय आपल्याकडे अजून गेलेली नाही, म्हणून हा निकाल विशेष मोलाचा आहे. त्याचबरोबर, संमतीपत्रात एखादा धोका लिहिलेला आहे आणि त्यावर सही आहे म्हणून तो धोका निष्काळजीपणामुळे ओढवला असला तरी दाद मागता येत नाही, ही समजूतही चुकीची आहे. सही धोक्याला असते, हलगर्जीपणाला नसते.

यापुढचा सारा विचार कागदांवर अवलंबून आहे. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या विनियमांनुसार रुग्णाने किंवा त्याच्या अधिकृत प्रतिनिधीने मागणी केल्यापासून ७२ तासांच्या आत वैद्यकीय नोंदींच्या प्रती देणे डॉक्टरवर बंधनकारक आहे, आणि उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षे त्या जपून ठेवणेही आवश्यक आहे. मुंबई उच्च न्यायालयाने रघुनाथ रहेजा यांच्या १९९६ च्या प्रकरणात केसपेपर मागण्याचा हा अधिकार मान्य केला होता. मागणी तोंडी करू नये. तारीख घातलेला अर्ज द्यावा, त्याच्या दुसऱ्या प्रतीवर रुग्णालयाचा शिक्का आणि पोच घ्यावी, पोच नाकारली तर तोच अर्ज स्पीड पोस्टाने आणि ईमेलने पाठवावा. डिस्चार्ज कार्ड म्हणजे पूर्ण नोंद नव्हे; ते सारांशरूप असते आणि पुष्कळदा सगळे झाल्यानंतर लिहिले जाते. अर्जात दाखल होतानाचा केसपेपर, संमतीपत्रे, भूलपूर्व तपासणी, भुलीचा तक्ता, ऑपरेशन नोट्स, परिचारिकांच्या नोंदी, ताप, नाडी आणि रक्तदाबाचे तक्ते, औषधांचा तक्ता, सर्व तपासण्यांचे अहवाल, एक्स-रे आणि सीटी स्कॅनच्या मूळ फिल्म किंवा सीडी, बाहेरून बोलावलेल्या तज्ज्ञांचे शेरे आणि तपशीलवार बिल, यांचा नाव घेऊन उल्लेख करावा. काढलेला अवयव तपासणीला पाठवला असेल तर त्याच्या स्लाइड्स आणि ब्लॉक जपून ठेवण्याची, आणि प्रसंगी सीसीटीव्ही चित्रण न पुसण्याची लेखी मागणीही लगेच करावी, कारण असे चित्रण फार काळ राहत नाही. रुग्णालयाने कागद दिलेच नाहीत किंवा त्यात नंतर भर घातल्याचे दिसले, तर ते पुढे रुग्णालयाच्याच विरुद्ध जाऊ शकते.

कागद हाती येईपर्यंत कुटुंबाने आपली स्वतःची नोंद लिहून काढावी. कोणत्या दिवशी, साधारण किती वाजता, कोणाला काय सांगितले आणि उत्तर काय मिळाले, हे आठवते तसे, न सजवता, घरातील ज्यांनी ज्यांनी रुग्णाजवळ रात्र काढली त्या प्रत्येकाने वेगवेगळे लिहावे. डॉक्टरांशी झालेले फोन आणि व्हॉट्सॲप संदेश ज्या फोनवर आहेत तो फोन बदलू किंवा विकू नये. पुढे ही टिपणे रुग्णालयाच्या तक्त्यांशी ताडून पाहिल्यावर दोन्ही ठिकाणी जुळणारा आणि न जुळणारा भाग आपोआप वेगळा होतो, आणि दाव्याचे खरे बळ पुष्कळदा त्याच तुलनेतून कळते.

मृत्यू झाला असेल तर एका निर्णयाला अवधी नसतो, तो म्हणजे शवविच्छेदनाचा. दुःखाच्या त्या तासांत मृतदेहाची चिरफाड नको असे जवळच्या माणसांना वाटणे पूर्णपणे समजण्यासारखे आहे, आणि कोणीही त्यांना त्यासाठी दोष देऊ नये. तरीही मृत्यूचे कारण संशयास्पद वाटत असेल तर पोलिसांना लेखी कळवून सरकारी रुग्णालयात शवविच्छेदन करवून घ्यावे, कारण ते झाले नाही तर हानी नेमकी कशामुळे झाली हा दाव्याचा तिसरा भाग पुढे केवळ अंदाजावर राहतो आणि बहुतेक वेळा तिथेच प्रकरण कोसळते. बिल थकले म्हणून पार्थिव अडवून ठेवण्याचा अधिकार रुग्णालयाला नाही. महाराष्ट्रात शुश्रूषागृह नोंदणी नियमांत २०२१ मध्ये झालेल्या सुधारणेने रुग्णहक्कांची सनदच त्यात घातली आहे.

कागद मिळाल्यावर आधी वकिलाकडे जावे की डॉक्टरकडे? आधी डॉक्टरकडे, असेच निःसंकोच सांगावे लागेल. त्याच विषयातला, पण शक्यतो दुसऱ्या शहरातला आणि संबंधित डॉक्टरशी व्यवसायाने न जोडलेला तज्ज्ञ शोधावा; वैद्यकीय महाविद्यालयातले निवृत्त प्राध्यापक अशा कामी अधिक मोकळेपणाने बोलतात. व्यावसायिक बांधवाविरुद्ध लिहून द्यायला बहुतेक डॉक्टर कचरतात, ही आपल्या व्यवस्थेतली गंभीर उणीव आहे; मात्र सुरुवातीला लेखी मत मागण्याऐवजी केवळ कागद वाचून खरे सांगण्याची विनंती केली तर नकार कमी मिळतो. ‘डॉक्टर दोषी आहे का?’ असे विचारू नये. ही शस्त्रक्रिया करण्याचे कारण कागदांवरून पटते का, शस्त्रक्रियेपूर्वी ज्या तपासण्या हव्या होत्या त्या झाल्या का, बिघाडाची पहिली खूण केव्हा दिसते आणि त्यानंतरच्या हालचाली वेळेत झाल्या का, आणि त्या वेळेत झाल्या असत्या तर निकाल बदलला असता का, हे चार प्रश्न विचारावेत. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर ‘बहुधा नाही’ असे आले, तर चूक खरी असूनही भरपाईचा दावा दुबळा असतो, कारण रुग्ण वाचण्याजोगाच नसेल तर हानी चुकीमुळे झाली असे म्हणता येत नाही. दोन स्वतंत्र तज्ज्ञांनी शांतपणे कागद वाचून चूक दिसत नाही असे सांगितले, तर त्यांच्यावर डॉक्टरांनी डॉक्टरांना सांभाळल्याचा आरोप करण्यापूर्वी कुटुंबाने पुन्हा विचार करावा. तज्ज्ञाचे लेखी मत मिळालेच नाही म्हणून खरा दावा सोडून देण्याचेही कारण नाही. व्ही. किशन राव यांच्या २०१० च्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की, उघड दिसणाऱ्या चुकीच्या प्रकरणांत तज्ज्ञाची साक्ष अनिवार्य नाही, आणि प्रमाणित पाठ्यपुस्तके तसेच उपचारांची प्रसिद्ध मार्गदर्शक तत्त्वेही ग्राहक आयोगापुढे मांडता येतात.

एवढे झाल्यावर कुटुंबाला नेमके काय हवे आहे, याचा विचार करावा लागतो, कारण प्रत्येक दारातून वेगळीच गोष्ट मिळते. पैशाची भरपाई हवी असेल तर ग्राहक आयोग हा आज सर्वांत सोयीचा मार्ग आहे. इंडियन मेडिकल असोसिएशन विरुद्ध व्ही. पी. शांता या १९९५ च्या निकालाने वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली आली. ज्या रुग्णालयात सर्वांवर मोफत उपचार होतात ती रुग्णालये तेवढी बाहेर राहिली, आणि जिथे काहींकडून पैसे घेतले जातात तिथल्या मोफत रुग्णालाही ग्राहक मानले गेले. विमा कंपनीने किंवा मालकाने बिल भरले असले तरी रुग्ण ग्राहकच राहतो. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार तक्रार कुठे करायची हे मागितलेल्या भरपाईवरून ठरत नाही, उपचारासाठी दिलेल्या मोबदल्यावरून ठरते, आणि ५० लाख रुपयांपर्यंतच्या मोबदल्याची तक्रार जिल्हा आयोगात चालते. म्हणजे जवळजवळ सर्व शस्त्रक्रिया जिल्हा आयोगाच्याच कक्षेत येतात. मोबदला पाच लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला शुल्क लागत नाही. मुंबईत शस्त्रक्रिया झालेला सोलापूरचा रुग्ण सोलापूरच्याच आयोगात तक्रार करू शकतो, ही नव्या कायद्यातली फार मोठी सोय आहे, आणि तक्रार ऑनलाइन दाखल करता येत असल्यामुळे परदेशात राहणाऱ्या, पण पुण्या-मुंबईत येऊन शस्त्रक्रिया करून घेतलेल्या माणसालाही निदान सुरुवातीच्या फेऱ्या वाचवता येतात. तक्रारीत केवळ डॉक्टरला नव्हे, तर रुग्णालयालाही प्रतिपक्ष करावे. बाहेरून येणारा सल्लागार डॉक्टर आमचा नोकर नाही, ही सबब रुग्णालयाला सहजी उपयोगी पडत नाही. पूर्णतः मोफत सरकारी रुग्णालयाविरुद्ध मात्र दिवाणी दावा करावा लागतो आणि त्यापूर्वी शासनाला दोन महिन्यांची नोटीस द्यावी लागते. ससूनला, केईएमला किंवा गोव्यात बांबोळीला उपचार घेतलेल्यांनी आपले रुग्णालय कोणत्या गटात बसते हे वकिलाकडून आधी तपासून घ्यावे.

त्या डॉक्टरच्या हातून पुन्हा असे होऊ नये, ही इच्छा प्रबळ असेल तर महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे तक्रार करता येते. परिषद डॉक्टरला ताकीद देऊ शकते, त्याची नोंदणी काही काळ किंवा कायमची रद्द करू शकते, पण भरपाई देऊ शकत नाही. पोलिसांत फौजदारी तक्रार करणे हा बहुतेकांच्या मनात येणारा पहिला मार्ग असतो, आणि बहुतेक प्रकरणांत तो सर्वांत कमी फलदायी ठरतो. भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ नुसार वैद्यकीय प्रक्रिया करताना नोंदणीकृत डॉक्टरच्या निष्काळजीपणाने मृत्यू झाल्यास दोन वर्षांपर्यंत कारावास आणि दंड होऊ शकतो. मात्र जेकब मॅथ्यू निकालाप्रमाणे फौजदारी गुन्ह्यासाठी निष्काळजीपणा अत्यंत ढोबळ स्वरूपाचा असावा लागतो आणि कारवाईपूर्वी निष्पक्ष, शक्यतो सरकारी डॉक्टरचे मत घ्यावे लागते. असे मत डॉक्टरच्या बाजूने आले की ते ग्राहक आयोगातही कुटुंबाविरुद्ध वापरले जाते, हा धोका तक्रार लिहिण्यापूर्वी जोखला पाहिजे. रुग्णालयाची तोडफोड किंवा डॉक्टरला मारहाण हा तर मार्गच नव्हे. महाराष्ट्रात २०१० च्या कायद्याने त्यासाठी तीन वर्षांपर्यंत कारावास होतो, आणि खरी तक्रार असलेले कुटुंब एका दिवसात आरोपी बनते.

मुदतीबाबत अजिबात ढिलाई चालत नाही. ग्राहक आयोगात तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांत जावे लागते. उशीर माफ होऊ शकतो, पण त्यासाठी सबळ कारण द्यावे लागते. गोव्यातील सरकारी रुग्णालयात काम करणाऱ्या एका परिचारिकेच्या पित्ताशयावर १९९३ मध्ये शस्त्रक्रिया झाली, त्यानंतर तिला पोटदुखी होत राहिली, आणि २००२ मध्ये पोटात गॉज राहिल्याचे आढळल्यावर तिने २००४ मध्ये तक्रार केली. दोष दडलेला असेल तर तो कळल्यापासून मुदत मोजता येते हे तत्त्व मान्य करूनही २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिची तक्रार मुदतबाह्य ठरवली, कारण त्रास सुरुवातीपासून असताना तिने त्याच डॉक्टरकडे परत जाऊन विचारणा केली नव्हती. इतक्या उघड चुकीला दाद न मिळणे मनाला पटत नाही, पण दुखणे थांबत नसेल तर वेदनाशामक गोळ्यांवर दिवस काढू नयेत, पुन्हा तपासणी करून घ्यावी आणि ती लेखी असावी, एवढा धडा त्यातून घ्यावाच लागतो. वाटाघाटी चालू आहेत, रुग्णालयाने उत्तर देण्याचे कबूल केले आहे, वैद्यक परिषदेची चौकशी संपायची आहे, यांपैकी कोणत्याही कारणाने दोन वर्षांचे घड्याळ थांबत नाही.

खर्च आणि काळ यांचा हिशेबही मोकळेपणाने मांडावा. कायद्यात तक्रार साधारण तीन महिन्यांत निकाली काढावी असे म्हटले असले तरी प्रत्यक्षात वर्षे जातात, आणि नंतर अपिले होतात. डॉ. कुणाल साहा यांच्या पत्नीचा कोलकात्यातील उपचारांनंतर १९९८ मध्ये मृत्यू झाला आणि भरपाईचा अंतिम निकाल २०१३ मध्ये लागला. त्यात मिळालेली सुमारे सहा कोटींची रक्कम वृत्तपत्रांमुळे लोकांच्या लक्षात राहिली, पण तक्रारदार स्वतः डॉक्टर होते आणि त्यांनी पंधरा वर्षे हे प्रकरण लावून धरले होते, हे विसरले जाते. भरपाईचा अंदाज वाढीव उपचारखर्च, बुडालेले उत्पन्न, आयुष्यभर लागणारी शुश्रूषा आणि सोसलेल्या यातना यांच्या आधारे केला जातो. जखम चिघळून महिनाभर ड्रेसिंग करावे लागले, पण रुग्ण पूर्ण बरा झाला, अशा प्रकरणात चूक सिद्ध झाली तरी मिळणारी रक्कम श्रमांच्या मानाने तोकडी असू शकते. कमावता माणूस अंथरुणाला खिळला असेल, तर दावा न करणे म्हणजे मुलांच्या शिक्षणावर पाणी सोडणे ठरू शकते, आणि तिथे लांबणाऱ्या तारखांना भिऊन माघार घेऊ नये. घरातला कोणता एक माणूस प्रत्येक तारखेला जाणार, हे आधी ठरवावे. ही जबाबदारी पुष्कळदा न विचारताच विधवेवर किंवा धाकट्या भावावर येऊन पडते.

अनेक कुटुंबांना मुळात पैशापेक्षा काय घडले हे कळायला हवे असते. अशांनी तक्रारीपूर्वी रुग्णालयाच्या वैद्यकीय अधीक्षकाकडे लेखी प्रश्न देऊन बैठक मागावी, तिथे एखाद्या परिचित डॉक्टरला सोबत न्यावे आणि झालेल्या बोलण्याचे टिपण त्याच दिवशी ईमेलने पाठवून ठेवावे. डॉक्टरने चूक कबूल केली नाही तर तो लपवतोच आहे असे समजू नये. डॉक्टरांच्या व्यावसायिक विम्यात कंपनीच्या परवानगीशिवाय जबाबदारी मान्य करू नये अशी अट सामान्यतः असते. अशा बैठकीतून पुष्कळदा खरी उत्तरे मिळतात आणि काही वेळा तडजोडीचा प्रस्तावही येतो. तो तोंडी स्वीकारू नये. रक्कम कोण देणार, किती दिवसांत देणार, पुढील उपचार आणि दुसरी शस्त्रक्रिया मोफत करण्याचे आश्वासन असेल तर ती कुठे आणि कोणाकडून, हे सारे करारात लिहून घ्यावे. ‘यापुढे आमची कोणतीही तक्रार नाही’ असे वाक्य असलेल्या पावतीवर रक्कम खात्यात जमा होण्यापूर्वी आणि वकिलाने ती वाचण्यापूर्वी सही करू नये. रुग्ण अठरा वर्षांखालील असेल आणि प्रकरण दिवाणी न्यायालयात दाखल झालेले असेल, तर पालकांनी केलेली तडजोड न्यायालयाच्या परवानगीशिवाय त्या मुलावर बंधनकारक होत नाही, म्हणून ती परवानगी घेऊनच रक्कम स्वीकारावी.